बजबज : नदीकाठच्या एका गावाचा इतिहास, अन्न आणि परंपरा

गावाचा इतिहास त्याच्या भूगोलापासून सुरू होतो. डोंगरमाथ्यावरचे गाव आणि नदीच्या उतारावरचे गाव यांचे इतिहास मुळातच निराळ्या वळणाचे असतात. मध्य इटलीतील टेकड्यांवर वसलेली तटबंदीची गावे असोत की पन्हाळ्यासारखी सह्याद्रीतील गडावरची वस्ती असो, अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाला चढून यावे लागते. तट, वेस, देऊळ, पाण्याचे टाके, ठरलेले धान्य आणि ठरलेला सण यांच्या आधाराने तेथील रहिवाशांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत जाते. गावाचा इतिहास म्हणजे तेथे राहणाऱ्यांचा इतिहास, हे समीकरण अशा गावाला सहज लागू पडते. नदीकाठच्या गावाची गोष्ट वेगळी असते. तेथे येणारा चढून येत नाही, तर उतरतो. आणि बहुधा पुढे निघून जातो. परिणामी त्या गावाचा लिहिलेला इतिहास हा उतरणाऱ्यांचा इतिहास होऊन बसतो. कोलकात्याच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळीच्या पूर्वतीरावर असलेले बजबज हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे.

बंगाली उच्चारात ‘बॉजबॉज’ असे ऐकू येणारे हे गाव आज दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात मोडते. २०११ च्या जनगणनेनुसार नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. समोरच्या तीरावर हावडा जिल्ह्यातील बाउडिया आहे आणि दोन्ही तीरांमध्ये होडीची ये-जा असते. नदी येथे भरती-ओहोटीची आहे. समुद्रातून आलेले जहाज भरतीबरोबर वर सरकते आणि कोलकाता गाठण्यापूर्वी या वळणावर थांबू शकते. बजबजचे भाग्य आणि दुर्दैव या एका गोष्टीत सामावलेले आहे : ते नेहमीच कोलकात्याच्या अलीकडचे गाव राहिले.

१. किल्ला आणि पहिले उतरणे

अठराव्या शतकाच्या मध्यास या प्रदेशावर दोन भीतींचे सावट होते आणि त्यांपैकी एक मराठी होती. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये वारंवार शिरल्या. बारगीर या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तान्ह्या मुलांना निजवण्याच्या गाण्यात हा शब्द कायमचा जाऊन बसला. गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्या स्वाऱ्यांचे वर्णन आहे. मराठ्यांचा वावर मुख्यतः भागीरथीच्या पश्चिमेस असल्याने पश्चिमतीरावरची माणसे नदी ओलांडून पूर्वेकडे पळाली. कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४३ मध्ये मराठ्यांच्या भीतीने खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही, पण ‘मराठा खंदक’ हे नाव मागे राहिले. १७५१ मध्ये अलीवर्दीखान आणि रघूजी भोसले यांच्यात तह होऊन बंगालची चौथ सालिना बारा लाख रुपये ठरली, आणि स्वाऱ्या थांबल्या. मराठी अभ्यासकाने बजबजकडे वळताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये. मराठी इतिहासलेखनात जो प्रसंग मोहिमेचा म्हणून येतो, तोच या नदीकाठी घर सोडून पळण्याचा प्रसंग म्हणून लक्षात राहिला आहे.

दुसरी भीती समुद्रातून आली. २० जून १७५६ रोजी सिराजउद्दौलाने कोलकाता जिंकून त्यास अलीनगर असे नाव दिले आणि माणिकचंद यास तेथे ठेवले. इंग्रज खाली फलता येथे जाऊन राहिले. ऑक्टोबरमध्ये मद्रासहून निघालेले अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हचे सैन्य डिसेंबरात तेथे पोहोचले. कोलकात्याच्या वाटेवर पहिला अडसर होता तो बजबजच्या किल्ल्याचा. क्लाइव्ह मायापूर येथे जमिनीवर उतरला, दलदलीतून रात्रभर चालत आला आणि थकलेले सैन्य पुरेसे पहारे न ठेवता विसावले असता माणिकचंदाने त्यावर छापा घातला. थोड्या वेळच्या चकमकीनंतर माणिकचंद मागे हटला. जहाजांच्या तोफांनी तट आधीच खिळखिळा झाला होता. हल्ला दुसऱ्या दिवशी करावयाचा होता. परंतु स्ट्रहान नावाचा एक दारू प्यालेला खलाशी रात्री एकटाच तटाच्या खिंडारातून आत शिरला, त्याच्या आरोळीने इतर धावून गेले, आणि किल्ला पडला. त्या गोंधळात इंग्रजांचा एक कप्तान आपल्याच माणसांच्या गोळीने ठार झाला. २ जानेवारी १७५७ रोजी कोलकाता इंग्रजांच्या हाती परत आले आणि २३ जूनला प्लासी घडली.

या प्रसंगाची इंग्रजी वर्णने वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यांत क्लाइव्ह आहे, वॉटसन आहे, नशेतला खलाशीदेखील नावानिशी आहे. किल्ल्याच्या आसऱ्याने राहणारे कोळी, नावाडी, भातशेतकरी मात्र कोठेही नाहीत. दलदलीतून सैन्याला वाट कोणी दाखवली, किल्ला पडल्यावर वस्तीचे काय झाले, या प्रश्नांना त्या वर्णनांत स्थान नाही. बजबज इतिहासात प्रथम ठळकपणे दिसते ते असे, माणसांवाचून.

२. तेल, ताग आणि आगगाडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाचे रूप पालटले. १८५५ मध्ये रिसडा येथे हुगळीकाठची पहिली तागगिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत नदीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग उभी राहिली. बजबजच्या गिरण्या या रांगेच्या दक्षिण टोकाच्या. भांडवल व व्यवस्थापक बव्हंशी स्कॉटिश होते. कोलकाता बंदराच्या व्यवस्थापनाने ज्वालाग्राही खनिज तेलाची साठवण दाट वस्तीपासून दूर असावी म्हणून १८८६ मध्ये येथे तेलाचा धक्का उभारला. १८९० मध्ये लोहमार्ग आला. कोलकात्याला जे हवे होते पण स्वतःच्या अंगणात नको होते, ते बजबजला आले, असे या तिन्ही घटनांचे सार सांगता येईल. पुढेही हा क्रम चालू राहिला. १९३४ च्या सुमारास जवळच बाटानगर ही पादत्राणांच्या कारखान्याची वसाहत वसली, तर १९९७ पासून पुजाली येथील औष्णिक वीजकेंद्र महानगराला वीज पुरवू लागले.

गिरण्यांनी माणसे आणली. आरंभीचे कामगार आसपासच्या खेड्यांतले बंगाली होते. पुढे बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी भाषक, ओडिया आणि तेलुगू भाषक मोठ्या संख्येने आले. भरती सरदारांमार्फत होई आणि एकाच गावची माणसे एकाच चाळीत राहत. गिरणगावच्या इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास हे चित्र नवे वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत जे स्थान रत्नागिरी आणि साताऱ्याचे, तेच हुगळीकाठी सारण आणि गाझीपूरचे होते. मुकादम आणि सरदार ही दोन नावे एकाच व्यवस्थेची आहेत.

दुसरे उतरणे याच काळातले. शिकागोच्या धर्मपरिषदेनंतर पाश्चात्त्य देशांतून परतणारे स्वामी विवेकानंद कोलंबो व मद्रास करून १८ फेब्रुवारी १८९७ रोजी ‘मोंबासा’ या बोटीने बजबजला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी खास आगगाडीने ते शियालदहला गेले आणि तेथे हजारोंच्या जनसमुदायाने त्यांचे स्वागत केले. बजबजकरांनी ही तारीख जपली आहे. १९ फेब्रुवारीचा स्मरणोत्सव हा आज गावाच्या वार्षिक कार्यक्रमाचा भाग आहे. तरीही घडलेल्या गोष्टीचे स्वरूप तेच होते : स्वामीजी उतरले येथे, आणि स्वागत झाले कोलकात्यात.

३. ‘कोमागाटा मारू’

तिसरे उतरणे सर्वांत वेदनादायक होय. ४ एप्रिल १९१४ रोजी बाबा गुरदितसिंग यांनी भाड्याने घेतलेले ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज हाँगकाँगहून निघाले आणि वाटेतील बंदरांत प्रवासी घेत २३ मे रोजी कॅनडातील व्हँकुव्हरला पोहोचले. त्यावर ३७६ प्रवासी होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू होते. मायदेशाहून अखंड प्रवास करून आलेल्यासच प्रवेश, असा नियम कॅनडा सरकारने हिंदी लोकांना अडवण्यासाठीच केला होता. मोजके प्रवासी वगळता कोणासही उतरू दिले गेले नाही आणि दोन महिन्यांनी, २३ जुलै रोजी, जहाज परत फिरवण्यात आले. ते वाटेत असतानाच महायुद्ध पेटले. परतणाऱ्या प्रवाशांना अडवण्याचा व स्थानबद्ध करण्याचा अधिकार देणारा वटहुकूम हिंदुस्थान सरकारने सप्टेंबरच्या आरंभी काढला.

२९ सप्टेंबर १९१४ रोजी जहाज बजबजला आणले गेले. प्रवाशांना परस्पर पंजाबात नेण्यासाठी गाडी तयार होती. त्यांना मात्र कोलकात्याला जावयाचे होते. जहाजावर नित्य पूजिलेला गुरुग्रंथसाहेब हावड्याच्या गुरुद्वारात ठेवावयाचा होता. ग्रंथसाहेब मस्तकी धरून ते कोलकात्याच्या रस्त्याने चालू लागले. वाटेत त्यांना अडवून माघारी आणण्यात आले आणि संध्याकाळी स्थानकाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी मरण पावले. पोलिसांतील काही माणसे व काही स्थानिक रहिवासीही त्यात बळी पडले. गुरदितसिंग निसटले आणि १९२१ मध्ये नानकाना साहेब येथे स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

या घटनेचा धागा महाराष्ट्राशीही जुळतो. प्रवाशांना मिळालेल्या वागणुकीने उत्तर अमेरिकेतील गदर चळवळीस उधाण आले. त्या चळवळीतील विष्णू गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील तरुण, करतारसिंग सराभा यांच्यासह १९१४ च्या अखेरीस कोलकात्यास उतरले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी या दोघांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. बजबजच्या गोळीबाराची बातमी तेव्हा ताजीच होती.

१ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बजबज येथील हुतात्मा स्मारकाचे अनावरण झाले. आकाशाकडे झेपावणाऱ्या कृपाणासारखा त्याचा आकार आहे. २०१३ मध्ये रेल्वेस्थानकास ‘कोमागाटा मारू बजबज’ असे नाव मिळाले आणि १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत क्षमायाचना केली. हे सर्व उचितच झाले. पण गोळीबारात सापडलेल्या स्थानिक माणसांचा प्रश्न उरतोच. ती ना प्रवासी होती ना पोलीस. ती त्या गावची होती. इतिहासाच्या मोठ्या कथेत त्यांचा उल्लेख ‘काही स्थानिक’ एवढाच होतो.

४. चूल आणि यंत्र

तीन उतरण्यांच्या या इतिहासात जे नाही, ते कोठे शोधावे? एक वाट गिरण्यांच्या आणि पोलिसांच्या दप्तरातून जाते. दुसरी, तुलनेने दुर्लक्षित वाट स्वयंपाकघरातून आणि सणावारांतून जाते.

दक्षिण बंगालमध्ये भाद्रपद संक्रांतीस, म्हणजे १७ सप्टेंबरच्या सुमारास, ‘अरंधन’ पाळतात. आदल्या दिवशी रात्री सारा स्वयंपाक करून ठेवावयाचा, आणि संक्रांतीच्या दिवशी चूल न पेटवता तिची पूजा करावयाची. देवता मनसा, सर्पांची स्वामिनी. पानात पाण्यात भिजवलेला शिळा भात म्हणजे ‘पांता’, अळूची भाजी, तळलेले मासे, शक्य असेल तर हिलसा, आणि आंबट चालत्याची चटणी असते. मराठी वाचकास येथे दोन व्रते एकदम आठवतील. श्रावणातल्या शिळासप्तमीला आपल्याकडेही आदल्या दिवशीचे अन्न खातात व चुलीला विसावा देतात. नागपंचमीला तवा ठेवणे आणि चिरणे-कापणे वर्ज्य मानतात. नाग आणि चूल यांचा जो संबंध महाराष्ट्रात दोन दिवसांत विभागलेला दिसतो, तो बंगालमध्ये एकाच दिवशी एकवटला आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरडी, उबदार जागा शोधत घरात येतो, आणि चुलीची राख ही अशी जागा असते. दलदलीच्या प्रदेशात या व्रतामागे अनुभवाचे शहाणपणही असावे.

याच दिवशी बंगालमध्ये विश्वकर्मा पूजा असते. गिरण्यांत, कारखान्यांत, रिक्षांच्या अड्ड्यांवर यंत्रे थांबवून त्यांची पूजा होते आणि आकाश पतंगांनी भरून जाते. आपल्याकडील खंडेनवमीचे हे भावंड म्हणता येईल. बजबजसारख्या गावात या योगायोगाला विशेष अर्थ येतो. घरात चूल थंड, गिरणीत यंत्र थंड. शेतीच्या दिवसगणनेतून आलेले बाईचे व्रत आणि कारखान्यातून आलेला पुरुषाचा सण एकाच तारखेस भेटतात. ही सुटी आपोआप मिळालेली नव्हती. १८९० च्या दशकात हुगळीकाठच्या गिरण्यांत रथयात्रा, मोहरम, बकरी ईद अशा सणांच्या सुटीवरून कामगार व व्यवस्थापक यांच्यात तंटे झाल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे. सणाचा दिवस मागणे ही कामगाराने आपल्या वेळेवर हक्क सांगण्याची पहिली भाषा होती.

अन्नातही हाच इतिहास वाचता येतो. बंगाली घरातला पांता, ओडिया घरातला ‘पखाळ’, भोजपुरी कामगाराचा सातू हे तीन वेगवेगळ्या प्रदेशांचे पदार्थ गिरणीच्या चाळीत शेजारी आले. तिन्हींत समान काय? सकाळी चूल पेटवावी लागत नाही. ही केवळ गरिबीची खूण मानणे अपुरे ठरेल. पहाटेच्या भोंग्याला स्वयंपाकाचा अवधी मंजूर नव्हता. खेड्यात उन्हाळ्याचे म्हणून असलेले अन्न गिरणीच्या काट्यावर बारमाही झाले असावे, असे अनुमान करता येते. कोकणातल्या शेतकऱ्याची सकाळची पेज आठवली म्हणजे यातला फरक लक्षात येतो : पेजेला निखारा लागतो, आणि निखारा राखणारे माणूस घरात लागते.

तागाची कथा याहून बोलकी आहे. बंगालीत तागाला ‘पाट’ म्हणतात. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी, ‘पाट शाक’, हा बंगाली घरातला नेहमीचा पदार्थ. एकाच झाडाचे पान ताटात येते आणि त्याचे सूत गिरणीत जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने धान्य किंवा साखर ज्या गोणपाटाच्या पोत्यात पाहिली, ते पोते बहुधा याच नदीकाठी विणलेले असे. १९४७ च्या फाळणीने तागाची शेते बव्हंशी पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या भारतात राहिल्या. पाठोपाठ निर्वासित आले. पुढे प्लॅस्टिकच्या पोत्यांची स्पर्धा वाढली, तेव्हा १९८७ च्या कायद्याने धान्य व साखरेसाठी तागाच्या पोत्यांचा वापर बंधनकारक करून या उद्योगास आधार दिला.

नदीनेही अन्न बदलले. पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्यात चढणारा हिलसा हा हुगळीचा मानाचा मासा. १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झाल्यावर वरच्या गंगेकडे जाणारी त्याची वाट अडली; बारीक जाळी, पिलांची मासेमारी आणि प्रदूषण यांनी खालच्या पट्ट्यातही तो कमी झाला. अरंधनाच्या पानातला हिलसा आज अनेक घरांत परवडत नाही. त्याच्या जागी दुसरा मासा येतो. व्रत टिकते, पान बदलते.

कार्तिकात छठपूजेच्या वेळी नदीचे घाट भोजपुरी कुटुंबांनी भरतात. कणीक आणि गूळ मळून तुपात तळलेला ‘ठेकुआ’ सूपात ठेवून मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य दिले जाते. ज्या नदीवर इतरांनी जहाजातून उतरून पाठ फिरवली, तिच्याच पाण्यात ही माणसे उभी राहतात. चाळीतल्या स्थलांतरितांनी घाट आपलासा केला तो या मार्गाने. दिवाळीला काली पूजा येते आणि तिच्याबरोबर शेजारच्या नुंगी परिसरातील फटाक्यांचा घरगुती धंदा. मे २०२३ मध्ये याच परिसरात झालेल्या स्फोटात माणसे दगावली. सणाच्या आनंदाची किंमत कोण मोजते, हा प्रश्नही गावाच्या परंपरेचाच भाग मानावा लागतो.

५. एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

अन्न आणि सण यांना इतिहासाचे साधन मानण्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. कागदावर तारीख असते; पदार्थाला ती नसते. परंपरा स्वतःला सनातन म्हणवते आणि तिच्यात झालेले बदल झाकून टाकते. आज दिसणारे अरंधन शंभर वर्षांपूर्वी तसेच होते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागेल. सणावरून एखाद्या घटनेची मिती ठरवता येत नाही. मात्र कोण आले, कोण राहिले, त्यांचा दिवस कोणाच्या ताब्यात होता आणि त्यांनी त्यातला कोणता तुकडा आपल्यासाठी राखला, हे त्यावरून कळू शकते. दप्तर ज्याबद्दल मुके आहे, नेमके त्याच ठिकाणी हे साधन बोलते. दोन्हींची सांगड घालणे हे संशोधकाचे काम होय.

डोंगरावरच्या गावाला तट असतो, म्हणून त्याची स्मृती आत राहते. बजबजचा किल्ला एका रात्रीत पडला आणि त्यानंतर गावाला तट उरला नाही. आले ते सर्व आत आले. क्लाइव्ह पुढे गेला, स्वामीजी पुढे गेले, गुरदितसिंगांच्या सोबत्यांना पुढे जाऊ दिले गेले नाही. त्यांच्या पाऊलखुणांवर आज फलक आणि स्मारके आहेत, आणि ती असावीत. परंतु बजबजचा इतिहास लिहावयाचा तर सातूची पुरचुंडी घेऊन आलेला सारणचा कामगार, फाळणीनंतर येऊन पुन्हा चूल मांडणारी निर्वासित स्त्री, आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी आपल्याच गावच्या रस्त्यावर गोळी लागून पडलेला निनावी रहिवासी यांनाही त्यात जागा द्यावी लागेल. गिरण्यांच्या चाळी ओस पडत आहेत आणि जुन्या कामगारांची पिढी मागे सरत आहे. त्यांच्या स्वयंपाकाची, व्रतांची आणि सुट्यांची नोंद आता घेतली गेली नाही, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती पुन्हा केवळ उतरणाऱ्यांचाच इतिहास राहील.